दुधातला चुना

"तंबाखू कोणती खाता, मॅडम?"

लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या पान-सुपारीच्या ठोक दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, त्यानं मला हे विचारलं. मी फक्त रिकामा डबा पुढं केला होता आणि म्हटलं होतं – साधा चुना द्या, भरून.

"खात न्हाई," मी म्हणाले.

"मग पान?"

"पान पण न्हाई."

"मागच्या हप्त्यात पण एवढाच नेला की. भिंती रंगवून राहिलात काय?"

मागं उभा असलेला एक म्हातारा खुदकन हसला आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, ते आधीच सांगून ठेवते. पुरुषानं चुना मागितला तर कुणी मान वर करत नाही. बाईनं मागितला की लगेच तिच्या गालात तंबाखूची गोळी शोधतात.

"समुद्राला घालते," मी म्हणाले. "माझ्या घरी समुद्र हाय."

म्हाताऱ्याचं हसू थांबलं. दुकानदार मात्र हसलाही नाही, हबकलाही नाही. कपाळावर पुसट भस्म, बोटांवर काताचे लाल डाग... तागडी हातात तशीच धरून तो माझ्याकडं बघत राहिला.

"बघायला मिळंल का?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले आणि डबा उचलून निघाले. पण घरी जाईपर्यंत त्याचे ते डोळे... जाऊ द्या. रागात असताना असल्या गोष्टी लक्षात ठेवू नयेत, आणि नेमक्या त्याच राहतात.

मी उज्वला. कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. आमची शेती लोह्याकडं, घर लातूरला. घराच्या वरच्या खोलीत माझी खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे. ज्या गावाला एकदा रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात ही पोरगी चांगलं गोडं पाणी मीठ घालून नासवते, असं अख्खी गल्ली म्हणते. म्हणू दे. पेटीत दोन केशरी मासे आहेत, पण ते पाहुणे. घरमालक म्हणजे हॅलिमेडा नावाचं समुद्री शेवाळ. दिसायला नागफणीसारखं, हिरव्या पैशाला हिरवा पैसा जोडत वर चढणारं. ते पाण्यातला चुना पितं आणि अंगातल्या अंगात दगड घडवतं. म्हणून त्याला चुना लागतो. गोड्या पाण्यात चुना ढवळायचा, खाली बसू द्यायचा आणि वरची नितळ निवळी सलाईनच्या नळीनं थेंब थेंब पेटीत सोडायची. खिडकीतून ती टांगलेली बाटली दिसली की शेजारीण आईला विचारायची, "सिंधुबाई, कोण आजारी हाय वो?"

पुण्याच्या दुकानातून ट्रॅव्हल्सनं आलेलं बोटभर रोप मी हातभर केलं होतं. बाबांना – शेषेराव त्यांचं नाव – ते डोळ्यासमोर नको होतं. त्यांनी अट घातली होती, "हे मेलं की काच विकायची आणि मग स्थळं बघायची. नखरे न्हाईत." मी हो म्हटलं होतं. मी ते मरू देणारच नव्हते.

पुढच्या वेळी दुकानात गेले तर तो म्हणाला, "समुद्र कसा हाय?"

"खारट."

"आन् समुद्रवाली?"

"ती पण."

तो हसला. वरचा एक दात थोडा वाकडा आहे त्याचा. हसताना तो दात लपवायचा प्रयत्न करतो आणि त्यामुळं जास्तच दिसतो. नाव वीरेश, दुकानमालक महादेवप्पांचा धाकटा मुलगा. मग चुना घ्यायला मला हप्त्यातून दोनदा जावं लागायला लागलं. शेवाळ एवढं खात नव्हतं...

एका दुपारी तो स्वतःच डबा घेऊन दारात उभा राहिला. बाहेर भुरभुर पाऊस, केसांवर थेंब.

"दुकानात गिऱ्हाईक नव्हतं," तो म्हणाला.

"गंजगोलाईत? बाजाराच्या दिवशी?"

"असंल थोडं... मी बघितलं न्हाई."

आईनं चहा टाकला. मी त्याला वर नेलं. तो काचेसमोर उकिडवा बसला. आजवर ज्यांना ज्यांना पेटी दाखवली, त्या सगळ्यांनी पहिला प्रश्न किमतीचा केला होता. यानं विचारलं, "रात्री झोपतं का हे?"

"म्हणायला झोपतं. अंधारात हिरवा रंग आत ओढून घेतं. नवीन पान रात्री पांढरं फुटतं, सकाळी हिरवं होतं."

"आन् तुमची बोटं कशानं सोलली?"

मी हात मागं घेतला. "चुना कालवते ना."

"हातमोजे घालाय काय होतं?"

"घाई असते."

 चहा पिताना त्याची नजर कपावर नव्हती, माझ्या बोटांवर होती.

त्यानंतरचा डबा त्यानं मला दिला, तेव्हा चुना लोण्यासारखा मऊ होता. हातालाही लागला नाही. मी म्हटलं, बरं झालं, चांगला माल आलाय.

चार-पाच दिवसांत पेटीतलं पाणी दुधासारखं गढूळ झालं. हिरवे पैसे एकामागून एक पांढरे पडले. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. या शेवाळाचा एक स्वभाव आहे – कधीकधी सगळं सत्त्व बीज म्हणून एकदम पाण्यात सोडतं आणि मरून जातं. पाणी तेव्हाही असंच पांढरं होतं. मला वाटलं, तेच झालं. दोष कुणाचाच नाही. मी मासे बादलीत काढले, वर हवेची नळी सोडली आणि जिन्यात बसून रडले. मग चुन्याचा हिशेब संपवायचा म्हणून दुकानात गेले.

"आता चुना नको," मी सांगितलं. "मेलं ते. पाणी दुधासारखं झालं आणि मेलं. त्याची जातच तशी असते, कुणी काही करू शकत न्हाई."

वीरेशनं हातातलं माप खाली ठेवलं. गप्प राहणं किती सोपं होतं त्याला... मीच कारण दिलं होतं, मीच पटवून घेतलं होतं. नुसतं 'लई वाईट झालं' म्हणायचं होतं.

"जातीनं न्हाई मेलं," तो म्हणाला. "मी मारलं."

"काय?"

"पानाचा खास चुना असतो आमचा. दुधात मुरवतो, तोंड पोळू नये म्हणून. दुधाचा वास मरतो त्यात, कळत न्हाई. तुमची बोटं सोलली होती... मला वाटलं, हाताला लागणार न्हाई. न सांगता तो दिला."

म्हणजे चार-पाच दिवस थेंब थेंब दूध पेटीत जाऊन सडत होतं. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. अख्ख्या गोलाईनं ऐकलं. आतून महादेवप्पा बाहेर आले आणि परत आत गेले. वीरेश मान खाली घालून उभा होता. एकदाही 'पण' म्हणाला नाही.

घरी आले, तासाभरात जिन्यात पावलं वाजली. वीरेश, खांद्यावर पाण्याचा वीस लिटरचा जार.

"काय करायचं ते सांगा," तो म्हणाला. "बोलायचं असंल तर ते पण बोला. पाणी चढवता चढवता ऐकतो."

त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. तो जार चढवायचा, मी मीठ विरघळवायची. जुनं पाणी तोच टबनं खाली उतरवायचा. खाऱ्या पाण्यानं त्याच्या पँटीवर पांढरे डाग पडले. माझा राग पहिल्या दिवशी संध्याकाळीच संपला होता, पण मी त्याला कळू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं. मासे परत आत गेले. शेवाळाचे पांढरे पैसे मी चिमट्यानं वेचून काढले. वाळूत फक्त मूळ राहिलं.

"फुटंल का?" त्यानं विचारलं.

"माहीत न्हाई. फुटलं तर महिनाभरात."

"मग तोवर मी... येत राहू? फुटलं की तुम्हाला एक विचारायचं हाय. आत्ता तोंड न्हाई मला."

मला जन्मभर गोड बोलणारी माणसं भेटली. क्लासचे मालक गोड, स्थळं घेऊन येणारे गोड, पगार बुडवणारे तर साखरच. स्वतःचं नुकसान करून घेऊन, कुणी विचारलेलं नसताना, खरं बोलणारा हा पहिला. त्याचे आभार मानायचे तर पाण्यासाठी नाही, त्या एका वाक्यासाठी. आणि ते आभार मूळ फुटण्यावर टांगून ठेवायचे नव्हते मला.

"वीरेश, ऐक," मी म्हणाले. 'ऐका'चं 'ऐक' कधी झालं, मलाही कळलं नाही. "फुटल्यावर हो म्हटलं तर ते शेवाळाला म्हटल्यासारखं होईल. मी आजच विचारते, ते मेलेलं हाय तोवर. माझ्याशी लग्न करतोस?"

"हौदु," तो म्हणाला. घाबरला की माणूस आईच्या भाषेत बोलतो; त्याची आई कानडी. मग सावरून म्हणाला, "म्हंजे... हाव. पण आमच्या आप्पाला लिंगायताची सून पाहिजे."

"आन् आमच्या बाबाला मराठ्याचा जावई. दोघं एकदमच चिडू देत. एकदाच निस्तरू."

तो पुन्हा तो वाकडा दात लपवून हसला... आणि मी पहिल्यांदा ओल्या हातानं त्याचा हात धरला. दोघांचीही बोटं मिठानं चरचरत होती.

खालून बाबांचा आवाज आला, "उज्वला, मेलं म्हणं ते?"

"हाव बाबा, मेलं."

"मग ठरल्याप्रमाणं काच..."

"काच न्हाई विकायची. मूळ हाय अजून. पण स्थळाचं ठरल्याप्रमाणं. वर या, बघून घ्या. नखरे न्हाईत माझे."

बाबा जिना चढून आले. दारात थांबले. वीरेश टबाशेजारी उभा, गुडघ्यापर्यंत भिजलेला, नमस्कार करावा की फडकं उचलावं या घोळात.

"गोलाईतल्या महादेवप्पांचा ना तू?" बाबा म्हणाले.

"हाव काका."

"तीन दिवस जिन्यात पाणी सांडून राहिलास. काल घसरलो मी."

"पुसतो काका."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घेतली नाही.  त्यांच्या चेहऱ्यावर ना होकार, ना नकार. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, भरलेल्या टबाशी वाकले आणि वीरेशला म्हणाले,

"एकट्यानं उचलून सांडतंय ते. धर तिकडून."