कातरीने काढलेले श्वास

ए, लिफ्टचं बटण काय दाबतोयस? लाईट गेलेत ना? मग कोण येणार आहे तुला न्यायला? बसा सगळे इथेच पायऱ्यांवर. आणि ते मोबाईलचे दिवे आधी बंद करा, डोळ्यांत जातात माझ्या.

उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला माझा, आणि मी मात्र रोज गुडघे धरत जिन्याने चढतो. तुम्ही मागे हसता, माहीत आहे मला. म्हाताऱ्याला डॉक्टरने व्यायाम सांगितलाय म्हणता. डॉक्टर कसला डोंबलाचा! आज अंधार आहेच, तर सांगूनच टाकतो. पदरचं काही घालत नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो माझा शेजारी होता, त्याची भिंत ती माझी भिंत.

त्याला सगळे कातरी म्हणायचे. आवाज भरायच्या स्टुडिओत कामाला होता. माणूस माईकसमोर बोलला की त्यातलं नको ते कापून टाकायचं, हे त्याचं काम. खाकरणं, ओठांची चुकचुक, खुर्चीची करकर. आणि सगळ्यात जास्त काय कापायचा? श्वास. दोन वाक्यांच्या मध्ये माणूस हवा आत ओढतो ना, ते असं सफाईने उडवायचा की पत्ता लागू नये.

गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा श्वास कुणालाही ऐकू जायचा. शाळेत असताना नाकावर चेंडू बसला होता, तेव्हापासून श्वास सोडताना शेवटी बारीक शिट्टी वाजायची. त्याला एकच मुलगी, सात-आठ वर्षांची. पाय म्हणून घरात ठरायचा नाही, म्हणून भिंगरी. बापाच्या मांडीवर बसली की ओरडायची, "बाबा, किटली उकळली!" तो म्हणायचा, "मग उतरव की." ती दोन बोटांनी त्याचं नाक चिमटीत धरायची. "उतरवली!" भिंतीपलीकडून रोज ऐकायचो मी. जीव होता हो त्याचा त्या पोरीवर.

आता बाईंचं सांगतो. बाईंना तुम्ही ओळखता. थोबाड कुणी पाहिलेलं नाही, पण आवाज ओळखता. 'दार बंद होत आहे.' 'आपण रांगेत आहात.' 'कृपया प्रतीक्षा करा.' त्याच त्या. कंपनीने त्यांच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली आणि त्यातून एक यंत्र बनवलं. तुम्ही काहीही टाईप करा, ते बाईंच्या आवाजात बोलणार. वाचून घ्यायचं काम बरेच महिने चाललं. बाई काचेच्या खोलीत, कातरी बाहेर. त्या धंद्यात एक रीत आहे. बाहेरचा आधी विचारतो, "तयार?" आतला म्हणतो, "तयार." त्याशिवाय कुणाचा आवाज घ्यायचा नाही. झोपलेल्याचा नाही, चोरून नाही.

बाईंच्या छातीला आजार होता. एकेक वाक्य म्हणताना धाप लागायची. त्या म्हणायच्या, "अरे, श्वास तेवढे ठेव माझे. त्यांच्याशिवाय मी कोण आहे?" हा म्हणायचा, "बाई, साहेबांना स्वच्छ पाहिजे." शेवटच्या दिवशी जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "इतके श्वास काढलेस माझे. ठेवलेस तरी कुठे?"

"सांभाळून ठेवलेत, बाई. जातात कुठे?"

साफ खोटं. कापलेले तुकडे वेगळे ठेवून द्यायचे, हीसुद्धा रीतच आहे त्या धंद्यातली. पण मशीन भरत आली होती, जागा हवी होती, म्हणून ह्याने कधीच पुसून टाकले होते ते. सगळेच्या सगळे. महिना उलटायच्या आत बाई गेल्या. श्वास कोंडूनच गेल्या म्हणे.

पुढे काय झालं, तर लोक त्या यंत्राला हसायला लागले. आवाज गोड, पण दोन वाक्यांत कळायचं की पलीकडे माणूस नाही. साहेब कातरीवर उखडला. "स्वच्छ स्वच्छ करून मढं करून ठेवलंस तिचं! श्वास घाल तिच्यात. ऐकणाऱ्याला संशय येता कामा नये. उद्या सकाळी गिऱ्हाईक ऐकायला येतंय, नाहीतर तू तुझा रस्ता धर."

नोव्हेंबरची तेवीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी कातरी सगळं सामान पिशवीत घालून घरी निघाला. वाटेत चांभाराकडून भिंगरीचे शाळेचे बूट घेतले, नवे तळ लावायला दिले होते ते. वहिनी, म्हणजे त्याची बायको, दवाखान्यात नर्स. तिची रात्रपाळी होती. मी त्या दिवशी परगावी होतो. म्हणजे घरात बाप आणि लेक, दोघंच. लेकीला जेवू घातलं, गोष्ट सांगितली, झोपवलं, आणि हा बाहेरच्या खोलीत कामाला बसला.

पण श्वास आणायचा कुठून? स्वतःचा घालून पाहिला. शिट्टी! बाई किटलीसारख्या बोलायला लागल्या. एकटाच हसला. इंटरनेटवरचे घालून पाहिले, ते ठिगळासारखे दिसून येत होते. मध्यरात्र होऊन गेली. आणि मग आतल्या खोलीतून भिंगरीचा श्वास त्याच्या कानावर आला. सर्दी झाली होती पोरीला, जरा मोठ्याने घेत होती. एकसारखा, मऊ.

बॅटरीवर चालणारं छोटं रेकॉर्डर होतं त्याच्याकडे. ते हळूच तिच्या उशीशी ठेवलं. तिला विचारलं नाही. झोपलेल्या पोरीला काय विचारायचं, आणि आपलीच तर आहे! तिचे श्वास घेतले, थोडे जड केले, बाईंच्या वाक्यांमध्ये बसवले. आणखी लागतील म्हणून रेकॉर्डर परत उशीशी नेऊन चालूच ठेवलं. म्हणून तर पुढचं आपल्याला कळलं.

बटण दाबलं.

"आपण रांगेत आहात." श्वास. "कृपया प्रतीक्षा करा."

कातरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंदाने आला बरं का! खोलीत बाई बसून बोलतायत असंच वाटलं त्याला. टाळी वाजवून म्हणाला, "बाई, आलात की हो!"

स्पीकरमधून श्वास आला.

त्याने काही टाईप केलं नव्हतं.

वाटलं, काहीतरी अडकलं असेल. पडदा पाहिला. पडदा कोरा. परत श्वास. आत... बाहेर. आत... बाहेर.

गळ्यातले हेडफोन त्याने काढून ठेवले. घर शांत होतं. जास्तच शांत होतं. आतल्या खोलीतून मघाचा तो सर्दीचा आवाज येत नव्हता.

"भिंगरे?"

उठून दारात गेला. पोर उताणी झोपलेली. दिव्याचा उजेड तिच्या छातीवर. छाती हलत नव्हती.

बाहेर स्पीकरने श्वास घेतला.

ह्याने तिला हलवलं. गालावर थोपटलं. उचलून बसवलं, तर मान एका बाजूला पडली. ओठ निळे दिसायला लागले होते. तिला परत निजवून धावत टेबलाकडे आला आणि सगळं पुसायला लागला.

"आपली विनंती स्वीकारता येत नाही."

किती गोड आवाज, रे! शपथ सांगतो. मी ऐकलाय तो.

त्याने भिंतीतून वायर उपटली. पडदा विझला. स्पीकर विझला. जीव भांड्यात पडला त्याचा... क्षणभरच. अंधारात टेबलावरचा त्याचाच फोन उजळला.

श्वास. आत... बाहेर.

"माझे कुठे आहेत?"

"बाई... बाई, पाया पडतो..."

"सांभाळून ठेवले होतेस."

कातरीने फोन बंद करून पाहिला. होईना.

"कुठे आहेत?"

"पुसले."

मग फोनमधली हवा हळूच आत ओढली गेली.

"मग हे चालतील. लहान आहेत. पण चालतील."

ह्याने फोन हिसकावला, ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला. पलीकडे लगेच उचलला फोन. आणि कोण बोलावं?

"आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

अरे, असणारच ना! शहरातल्या प्रत्येक फोनवर तीच तर होती. त्यानेच कापून, घासूनपुसून बसवलेली.

"माझी पोर मरतेय हो!"

"आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे."

तो आत पळाला. तिच्या तोंडात तोंड घालून हवा फुंकली. आत जातच नव्हती. छाती दगडासारखी. तो रडला. मोठ्याने रडला. त्या बाईला नाही नाही ते बोलला. भवाने म्हणाला, सटवे म्हणाला. मग शिव्याही संपल्या त्याच्या. दाराला धरून खाली बसला आणि म्हणाला,

"माझे घ्या."

...

"ऐकताय ना? तिला सोडा. मी काढले तुमचे. माझे घ्या."

...

"तयार?"

बाईंनी विचारलं, पोरांनो. रीतीप्रमाणे. ह्याने त्यांना जसं रोज विचारलं, अगदी तसंच.

पावलं ऐकू येतात त्याची. खुर्ची ओढलेली ऐकू येते. माईक जवळ घेतला असणार.

"तयार."

पुढे शब्द नाही. नुसता श्वास. त्याचा. शेवटी ती शिट्टी. लांब. परत एक, त्याहून लांब. आणखी एक... अशी लांब की वाटतं आता थांबेल... आता...

मग उशीजवळ पोर खोकली. जोरात खोकली. आणि म्हणाली, "बाबा, पाणी."

बाबाने पाणी आणलं नाही.

वहिनी सकाळी आली, तेव्हा भिंगरी नवे तळ लावलेले बूट घालून पलंगावर बसली होती. "बाबा उठतच नाहीत," म्हणाली. कातरी खुर्चीत होता, कपाळ माईकला टेकवलेलं. डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहून दिला. दुसरं काय लिहिणार? वहिनीने ते रेकॉर्डर माझ्या हातात ठेवलं. "भावजी, तुम्हाला ह्या वायरींमधलं कळतं. एकदा ऐका आणि फोडून टाका." मी एकदा ऐकलं. फोडलंही. कानातून जात नाही, त्याला मी काय करू?

आणि साहेबाचं काय झालं, विचारता? काही वाकडं झालं नाही त्याचं. माणूस पाठवून सगळं सामान उचलून नेलं त्याने. गिऱ्हाईक खूश झालं. बाई इतक्या जिवंत बोलायला लागल्या की विचारू नका. लिफ्ट, दवाखाने, बँका, सगळीकडे त्याच. वहिनी लेकीला घेऊन दुसरीकडे राहायला गेली. लेकीला एवढंच माहीत, की बाबा झोपेत गेले.

आता मी जिने का चढतो ते ऐका. माझं नोकरीतलं शेवटचं काम होतं. ह्याच लिफ्टचं. हो, हीच, जिचं बटण मघाशी दाबत होतास. तक्रार आली होती की लिफ्ट बोलून झाली की बारीक शिट्टी वाजते. मी ऐकली. ऐकली आणि लगेच ओळखली. पण म्हटलं, जुना स्पीकर आहे, वाजत असेल. पट्टी उघडली, स्पीकर सोडवला, हातात घेतला. वायरी खाली लोंबत होत्या.

तेवढ्यात एक तरुण मुलगी आत आली. "काका! ओळखलंत का?" भिंगरी. केवढी झाली होती! मैत्रिणीकडे आली होती, चौथ्या मजल्यावर. दार लागलं, लिफ्ट निघाली. आईचं सांगत होती, नोकरीचं सांगत होती, तोंडाला खळ नाही. आणि बोलता बोलता थांबली.

मीही ऐकलं.

श्वास... आणि शेवटी शिट्टी.

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! डोळे भरले आणि हसली. म्हणाली, "काका... किटली उकळतेय." आणि हात वर केला. दोन बोटं. उंच माणसाचं नाक असतं ना, तितक्या उंचीवर.

शिट्टी परत आली. आखूड होती. रेकॉर्डरवर होती त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. परत एक. आणखी आखूड. कातरीचे श्वास संपत आले होते, रे.

मी तिचा हात धरून खाली ओढला. ती माझ्याकडे बघतच राहिली. लिफ्ट थांबली. दार काही उघडेना.

स्पीकर माझ्या मुठीत होता. त्याला वायर नव्हती.

"कृपया प्रतीक्षा करा," बाई तिला म्हणाल्या. "आपण रांगेत आहात."