मामीची डावी पिशवी

हे खरं घडलेलं आहे. ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मामा. मामा थाप मारायला लागला की त्याचे कान लाल होतात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. हे सांगताना ते झाले नाहीत. मी मुद्दाम बघत होते.

आणखी एक. असले प्रकार रात्रीच होतात असं सगळे धरून चालतात. हा भर दुपारी झाला. उघड्या मैदानात, कडक उन्हात, आजूबाजूला शेकडो माणसं असताना.

म्हणूनच तो माझ्या डोक्यातून जात नाही.

मामा लेथवर काम करतो. मामी मोटरसायकलींची सीट कव्हरं शिवायची. दर उन्हाळ्यात दोघं जुन्या गाडीवर सामान बांधून मोटरसायकलवाल्यांच्या रॅलीला जायची. तीन दिवस तंबूत राहायचं, गाड्या बघायच्या, रात्री गप्पा मारायच्या, रापून घरी यायचं. मूल नव्हतं. ही रॅलीच त्यांचा सणवार होती.

रॅली भरायची ती एका बंद पडलेल्या धावपट्टीशेजारी. पूर्वी तिथे छोटी विमानं उतरत, त्यामुळे मैदानात झाड औषधालाही नाही. तिथे पोचल्यावर पहिलं काम म्हणजे सावली उभी करणं.

ते काम मामीचं.

सामान बांधायची त्यांची एक पद्धत होती. गाडीला मागे दोन बाजूंना दोन पिशव्या. उजवी मामाची, डावी मामीची. उजवीत तंबू, स्टोव्ह, पाने-पक्कड. डावीत छत, म्हणजे मामीने स्वतः शिवलेलं जाड निळं कापड, आणि त्याच्या घडीच्या काठ्या, खुंट्या, दोऱ्या, पाण्याचा कॅन. एकाने दुसऱ्याच्या पिशवीत हात घालायचा नाही. मामा म्हणायचा, "आमचा संसार टिकला तो एकमेकांच्या पिशवीत नाक न खुपसल्यामुळे."

दुपारी मामा छताखाली आडवा व्हायचा. सूर्य सरकला की सावली सरकायची, आणि मामी उठून काठ्या हलवायची. पुन्हा सरकली, पुन्हा हलवायची. संध्याकाळी मामा आळस देत म्हणायचा, "काय गार झोप लागली."

"लागणारच," मामी म्हणायची. "तुम्ही झोपता. मी सूर्याशी भांडत बसते."

मग एका हिवाळ्यात मामी गेली. हॉस्पिटलात. मामा तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसला होता, हलायला तयार नव्हता. पहाटे त्याचा जरासा डोळा लागला...

उठला तेव्हा ती नव्हती.

त्यानंतर मामा फार बोलायचाच नाही. बोलला तर एकच. "मी झोपलो होतो." जेवायला वाढलं तरी तेच, कुणी भेटायला आलं तरी तेच. त्याला फक्त एकदा जागेपणी तिचा निरोप घ्यायचा होता. तेवढंच राहून गेलं होतं, आणि ते काही आता होण्यासारखं नव्हतं.

उन्हाळा आला तसा तो म्हणाला, "मी रॅलीला जातो."

"एकटा?" माझी आई म्हणाली. आई म्हणजे त्याची मोठी बहीण. "राहू दे यंदा. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय."

"तंबू सडेल घरात पडून."

"आणि तू सडशील उन्हात."

मामा हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला, म्हणून आई पुढे बोलली नाही.

त्याने स्वतः सामान बांधलं. तंबू, स्टोव्ह, पाने-पक्कड. दोन्ही पिशव्यांचे पट्टे आवळले आणि पहाटे निघाला. गाडी छान चालली. वळणावर झुकवली की पूर्वीसारखीच झुकायची... मागे कुणी बसलेलं असल्यासारखी, जडशी, भरदार. मामाला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी हातात गाडी आली म्हणून असेल, असं त्याला वाटलं.

मैदानात पोचला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. उजवी पिशवी उतरवली. मग डावीचे पट्टे सोडले.

डावी पिशवी रिकामी होती.

त्याने आपली पिशवी भरली होती. इतक्या वर्षांची सवय. डावीत त्याने हात घातलाच नव्हता. ती कोण भरणार, हा विचारच त्याला शिवला नव्हता.

तो तसाच उन्हात उभा राहिला. पिशवीचं तोंड उघडं धरून. मला म्हणाला, "हॉस्पिटलात नाही गं, ती गेल्याचं मला त्या मैदानात कळलं."

मग आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. एका बाजूला सगळं वजन आणि दुसरी बाजू मोकळी असेल तर गाडी सरळ चालत नाही. एका अंगाला ओढते. हात दुखून येतात.

गाडी जराही ओढली नव्हती.

"काय रे, गाडी बंद पडली की तू?" मागून आवाज आला. हा त्याचा जुना मित्र. याची गाडी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून सगळे त्याला धक्काच म्हणतात.

"सावली विसरलो."

धक्काला मामीचं माहीत होतं. तो म्हणाला, "आमच्या ताडपत्रीखाली ये. चौघं घोरतात, पण सावली आहे."

"येतो मागून," मामा म्हणाला.

गेला नाही. तंबू ठोकला, पण आत भट्टी झाली होती. मग तो तंबूबाहेर सतरंजी टाकून नुसता टेकला. प्रवासाचा शीण होता, पहाटेपासून पोटात काही नव्हतं...

उठला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

तो दचकून उठून बसला. एवढा वेळ त्या उन्हात झोपला होता म्हणजे चेहरा भाजून निघायला हवा होता. त्याने गालावर हात फिरवला. गाल गार होता. शर्ट गार होता. शेजारी पडलेलं हेल्मेटसुद्धा गार होतं.

फक्त उजवा हात मनगटापासून पुढे लालबुंद झाला होता. झोपेत तो सतरंजीबाहेर गेला असावा. लाल कुठे संपतं आणि साधी कातडी कुठे सुरू होते, तिथे एक सरळ रेघ होती.

धारदार.

ही रेघ मी नंतर स्वतः पाहिली आहे. दुपारभर सूर्य सरकत असतो. एका जागी उभ्या केलेल्या छताची सावली त्याच्यासोबत सरकते, आणि कातडीवरची रेघ पुसट होते. ती अशी धारदार राहायची तर एकच मार्ग आहे. कुणीतरी छत सतत, थोडं थोडं हलवत राहायला हवं.

रात्री धक्काने विचारलं, "दुपारी आला नाहीस? मी बघायला आलो होतो. सावलीत झोपलेला दिसलास, म्हटलं राहू दे."

"कशाच्या सावलीत?"

धक्का घास हातात धरून विचार करत बसला. "सावलीत होतास एवढं खरं," तो म्हणाला. "कशाच्या ते नाही बुवा पाहिलं."

दुसऱ्या दिवशी मामा दुपारी त्याच जागी आडवा झाला. झोपेचं सोंग घेऊन. डोळे मिटले, पण झोप येऊ द्यायची नाही असं पक्कं ठरवून. ऊन पापण्यांमधून लाल दिसत होतं. घाम कानात उतरत होता. दूर कुणीतरी इंजिन रेस करून बघत होतं.

मग...

पापण्यांवरचा लाल रंग काळा झाला.

कापडाची फडफड झाली. खुंटी ठोकल्याचा आवाज नाही, काठीचा नाही. नुसतं कापड. आणि अगदी डोक्याशी कुणाचा तरी श्वास. दम लागल्यावर येतो तसा.

मामा घाबरला नाही. मी विचारलं तेव्हा त्याला नवल वाटलं. "तिला काय घाबरायचं?"

त्याने डोळे उघडले.

वर काहीच नव्हतं. पांढरं आकाश आणि थेट डोळ्यांत घुसणारा सूर्य. तो उठला, तंबूला फेरी मारली, गाडीमागे पाहिलं. मग संध्याकाळपर्यंत डोळे मिटून पडून राहिला, पण सावली काही परत आली नाही.

तिसरा दिवस शेवटचा. सकाळपासून लोक आवराआवर करत होते. मामा मात्र सतरंजीवर जाऊन पडला. आज डोळे उघडायचे नाहीत. तिला बघायला मिळालं नाही तरी चालेल, बोलायला तर मिळेल.

ती आली.

लाल होतं ते काळं झालं, आणि कपाळाला गारवा लागला. मामा डोळे घट्ट मिटून बोलायला लागला. एवढे महिने तुंबलेलं सगळं.

"अगं, त्या पहाटे माझा डोळा लागला. क्षणभरच लागला असेल. आज जागा आहे बघ मी. झोपलेलो नाही."

फक्त श्वास.

तो बोलत राहिला. तिच्या मशीनवर अर्धवट राहिलेलं सीट कव्हर त्यानेच कसंबसं पुरं केलं आणि गिऱ्हाईक हसलं, तेही सांगितलं. मधेच त्याला वाटलं, ती पण हसली. सूर्य चढला, माथ्यावर आला, कलायला लागला. सावली त्याच्यावरून हलली नाही.

मग ती थरथरायला लागली.

आधी किंचित. हनुवटीवर उन्हाची एक पट्टी आली आणि लगेच गेली. पुन्हा आली. कडा खालीवर होत होती. वाऱ्याने असेल म्हणावं तर वारा नव्हता... झाडाचं पान नसलं तरी तंबूचं कापड हललं असतं. तेही हलत नव्हतं. डोक्याशी श्वास जड झाला होता.

मामाला वाटलं ती निघाली.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "थोडा वेळ थांब. थोडाच वेळ."

सावली थांबली. जास्तच थरथरत होती, पण थांबली. तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला, आणि ती पुन्हा पुन्हा थांबत राहिली. किती वेळ, त्याला सांगता येत नाही.

त्याचे डोळे उघडले ते कुणीतरी खांद्याला धरून हलवल्यावर. तोंडावर ऊन होतं. समोर प्रथमोपचाराच्या तंबूतली नर्स, आणि तिच्यामागे धापा टाकत आलेला धक्का.

"उठा काका. चला सावलीत."

"कुणी बोलावलं तुम्हाला?" मामा तिच्यावर उखडला. "मी बरा आहे. जा तुम्ही."

नर्स पहिल्यांदाच रॅलीला आलेली. ती कुणालाच ओळखत नव्हती. ती म्हणाली, "तुमच्या घरच्या बाईच सांगून गेल्या की. म्हणाल्या, त्यांना उठवा, गोळ्या चालू आहेत, ऊन सोसायचं नाही. माझं ऐकत नाहीत."

धक्का मागे वळून मैदानभर बघायला लागला.

"कुठे आहे ती?" मामाने विचारलं.

"माझ्यापुढेच निघाल्या होत्या. त्यांना काय झालंय हो? दोन्ही हात असे वर धरलेले होते." नर्सने आपले हात डोक्यावर उंच करून दाखवले, पंजे आभाळाकडे. "नुसते कापत होते हात. मी म्हटलं, बाई, खाली घ्या ना, बसा जरा. तर म्हणाल्या, खाली घेतले तर त्यांना ऊन लागेल."



छताच्या काठ्या घरी कपाटावर होत्या.

मामा उठला. स्वतःच्या पायांनी धावत धक्काच्या ताडपत्रीखाली गेला आणि अगदी मधोमध जाऊन बसला, गुडघे पोटाशी घेऊन. वर बघून म्हणत राहिला, "घे खाली. आता घे. मी सावलीत आहे. घे खाली हात."

ऊन उतरेपर्यंत तो तिथून हलला नाही.

त्यानंतर मामा उन्हात जात नाही. रस्त्याने चालला तर भिंतीच्या कडेने, दुकानांच्या पडव्यांखालून. लेथसुद्धा खिडकीपासून आत सरकवली. ढगाळ दिवशीही छत्री उघडतो. शेजारची पोरं हसतात, तो हसू देतो. गाडी झाकून ठेवली आहे. रॅलीला पुन्हा गेला नाही.

गेल्या आठवड्यात मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. दुपार होती. रस्ता रुंद, मधे आडोसा नाही. त्याने छत्री उघडली आणि आम्ही निघालो. छत्री एका माणसापुरती, मी तिच्याबाहेर होते.

चालता चालता त्याने विचारलं, "तिला कळलं असेल ना गं? मी आता नीट सावलीत असतो, हे?"

"कळलं असेल की," मी म्हटलं. "केव्हाच घेतले असतील खाली."

त्याने मान हलवली. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मला ऊन लागत नव्हतं...

मी खाली पाहिलं. छत्रीची सावली मामाच्या पायांशी होती, गोल, लहान. तिच्याबाहेर आणखी एक सावली होती. मोठी. ती आम्हा दोघांवर होती, आम्ही चालू तशी चालत होती.

आणि थरथरत होती.

मी वर पाहिलं नाही.

"काय झालं?" मामा म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं. "चल लवकर. पलीकडे मोठी भिंत आहे."