न्हाणीतला कोबा

अंबरपेठेत आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. दुकान खाली, घर वर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. माझी बायको माधवी गेल्यापासून मी घरातलं एकेक काम हातात घेत होतो. हात रिकामे राहिले की डोकं चालायला लागतं, ते मला नको होतं. रेवू आता रांगायला लागेल म्हणून खालचे प्लग वर घेतले. खिडक्यांना जाळ्या बसवल्या. छताच्या कडीला झोळी टांगली. माधवी तापाने गेली तेव्हा रेवू तीन महिन्यांची होती, आता सहा महिन्यांची.

दिवसा तिला शेजारच्या पद्माक्का सांभाळायच्या. आंघोळही त्याच घालायच्या. पाटावर बसून, पाय समोर लांब पसरून, पायांवर बाळ आडवं. आमच्याकडेही बाळाला अशीच आंघोळ घालतात आणि त्यांच्या तेलुगू घरातही. त्यामुळे त्यांना काही सांगावं लागलं नाही. पण त्यांची मुलगी वरंगलला बाळंत झाली आणि त्या तिकडे गेल्या.

मग आंघोळ माझ्याकडे आली. टबात बसवलं तर रेवू अंग ताठ करून किंचाळायची. पायांवर घेतलं तर टिकायची नाही. माझे पाय खालच्या गुळगुळीत टाइल्सवर सरकायचे आणि त्यांच्याबरोबर तीही. एका सोमवारी साबण लावताना ती माझ्या पायांवरून घसरून खाली गेली. लागलं काही नाही, पण ती फार रडली. नेमका तेव्हाच सासूबाईंचा फोन आला आणि मी जे झालं ते सांगून टाकलं.

सासूबाईंना मी मामी म्हणतो, सासऱ्यांना मामा. ते उदगीरला असतात. मामी रागावल्या नाहीत. पुरुष कमावतो, वेळ आली तर भाकरी पण थापतो, पण अंगावरचं पोर न्हाऊ घालायला बाईचेच पाय लागतात, असं त्या म्हणाल्या. रविवारी आम्ही येतो आणि पोरीला घेऊन जातो, म्हणाल्या. मी म्हटलं, मी शिकतो.

"शिका की," मामी म्हणाल्या. "रविवारी बघू."

रेवू एकदा गेली की परत येणार नाही, हे मला कळत होतं. तिला कुणी अडवून ठेवलं नसतं. ती तिथे रुळली असती, तिथल्याच शाळेत गेली असती आणि मी तिच्यासाठी दिवाळीला येणारा पाहुणा झालो असतो.

त्याच दिवशी दुपारी दुकान बंद केलं आणि न्हाणीतल्या टाइल्स फोडल्या. सिमेंटचा कोबा घालायचा ठरवला, जरा खरबरीत, म्हणजे पाय सरकणार नाही. गल्लीतले खाजाभाई गवंडीकाम करतात. त्यांनी माल किती घट्ट ठेवायचा ते दाखवलं, थापी दिली आणि मोरीकडे उतार नीट आहे की नाही ते वाकून बघितलं. "अच्छा हुआ," ते म्हणाले. "कल तक पाँव नक्को रखना उसपे, भाई." मी बाहेरून कडी घातली, रेवूला दूध पाजलं आणि तिच्या शेजारी झोपलो.

सकाळी कडी काढली. कोब्यावर कुणीतरी बसून गेलं होतं.

मधोमध पाटाच्या खालच्या दोन पट्ट्यांच्या रेघा उमटल्या होत्या. त्यांच्यापुढे पोटऱ्यांचे दोन लांबट खळगे आणि शेवटी टाचांच्या दोन वाट्या. पाय पसरून, बाळ घेऊन बसावं तसे. मी आधी कडी तपासली, मग खिडकीची जाळी. जाळी जागेवर होती, तिचे स्क्रू मीच घट्ट पिळले होते. पाट स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता, कोरडा, स्वच्छ. आणि दारापासून त्या जागेपर्यंत कोबा सपाट होता. मध्ये बसलेल्या माणसाला आत येताना आणि बाहेर जाताना ओल्या सिमेंटवर पाय ठेवावाच लागतो. तसं एकही पाऊल नव्हतं.

मी उंबऱ्यावर बसून वाकून बघितलं. टाचांच्या जरा वर, घोट्याच्या मागच्या बाजूला, बारीक ठिपक्यांची अर्धगोल ओळ होती. दोन्ही पायांना.

माधवी पैंजण घालायची. बारीक मण्यांचे, चांदीचे. रेवू कितीही रडत असली तरी ते वाजले की थांबायची आणि हसायची. माधवीच्या तिसऱ्या दिवशी मी ते मामींच्या हातात दिले होते. ते उदगीरला त्यांच्या कपाटात होते.

खाजाभाई थापी न्यायला आले. उंबऱ्यावरच थांबले. "कौन बैठा था इसपे?" मी म्हटलं, कुणी नाही. वरून एक पातळ थर देऊन सपाट करू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ते चहा घेतल्याशिवाय कधी जात नाहीत. त्या दिवशी गेले.

कोबा पक्का होईपर्यंत रेवूला ओल्या फडक्याने पुसून घेतलं. गुरुवारी पाट त्या दोन रेघांवर ठेवला आणि पाय पसरले. माझे पाय माधवीपेक्षा वीतभर लांब आहेत, पोटऱ्या जाड. त्या खळग्यांत ते मावायला नको होते. मावले. टाचा वाट्यांमध्ये बसल्या. सिमेंट गार असायला हवं होतं, पण कुणी नुकतंच उठून गेल्यावर जागा असते तसं ते कोमट होतं.

रेवूला पायांवर घेतलं. तिने रडण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग मिटलं.

माधवी आंघोळ घालायची त्या वेळी मी खाली दुकान उघडत असायचो. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. पण माझा डावा हात रेवूच्या कपाळावर आडवा गेला, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून. उजव्या हाताने पाठ चोळली, वरून खाली. मग तिला उताणी करून तिचा उजवा हात डाव्या पायाला लावला, डावा हात उजव्या पायाला. हे मी ठरवून केलं नाही. होत गेलं. रेवू पाण्यावर हात मारून खिदळली. शुक्रवारी तसंच, शनिवारी तसंच. शनिवारी ती पायांवरच झोपली. मी तिला गुंडाळून बाहेर आणलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

रविवारी मामा-मामी सिकंदराबादला गाडीतून उतरून रिक्षाने आले. मामींच्या हातात एक मोठी रिकामी पिशवी होती, रेवूच्या कपड्यांसाठी. मामांनी घर फिरून बघितलं. जाळ्या हलवून पाहिल्या, झोळीची कडी ओढून पाहिली. "जावईबापू, दुकानापेक्षा घर चांगलं लावलंय तुम्ही," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांनाही वरच पाठवत जा." मामी हसल्या नाहीत. पाणी तापवा म्हणाल्या.

मी पाट ठेवला, पाय पसरले. मामी न्हाणीच्या दारात उभ्या राहिल्या. मामा त्यांच्या मागे.

रेवू हसतच होती. मी तेल चोळलं, पीठ लावलं, पाणी घातलं. पाठ झाली, हात झाले, पाय झाले. शेवटचा तांब्या उरला. तो मी तिच्यावरून ओवाळला आणि बाजूला ओतताना माझ्या तोंडून शब्द आले.

"पाणी गेलं नदीला, ओझं गेलं वाऱ्याला, माझी बाई उरली मला."

मामींनी दाराची चौकट धरली.

"शिवराज, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माहीत नाही, मामी. तोंडात आलं."

"हे आम्ही मोठ्याने म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "माझी आई ओठांतल्या ओठांत म्हणायची. मी माधवीच्या कानात सांगितलं होतं, ही झाली तेव्हा. घरात पुरुषांना हे ठाऊक नाही."

मामा म्हणाले, मला तर आजच कळतंय.

मी रेवूला टॉवेलमध्ये गुंडाळून मामांकडे दिली आणि उठलो. मी उठल्यावर मामींना जमीन दिसली. त्या खाली बसल्या. त्यांनी खळग्यांवरून हात फिरवला, मग ठिपक्यांवरून.

मग कमरेची पुरचुंडी सोडली. आत माधवीचे पैंजण होते. पोरीला मोठेपणी घालायला जपून ठेवलेले, पण आज त्यांनी ते बरोबर आणले होते. मण्यांच्या फटींमध्ये काहीतरी राखाडी घट्ट बसलं होतं. मी नखाने खरवडलं. सिमेंट होतं.

"मंगळवारी सकाळी कपाट उघडलं तेव्हापासून असे आहेत," मामी म्हणाल्या. "चिंचेने घासले. निघत नाही."

त्यांनी पुरचुंडी परत कमरेला खोचली. नळाखाली हात धुतले, रेवूला मामांकडून घेतलं आणि तिचा पापा घेतला.

"पोर इथंच राहील," त्या म्हणाल्या.

मामा म्हणाले, पण तू तर पिशवी आणलीस.

"त्यात अंबाडीची भाजी घ्या जाताना. इथली चांगली असते."

त्या दुपारी मी स्वतः स्वयंपाक केला. वरण, भात, वांग्याची भाजी. मामांनी दोनदा भात मागून घेतला. मामींनी रेवूला वरणाचं पाणी बोटाने चाटवलं, मला झोळीची गाठ कशी बदलायची ते सांगितलं आणि पद्माक्का परतल्या तरी आंघोळ तुम्हीच घाला, असं दोनदा बजावलं. मला छाती मोठी झाल्यासारखं वाटत होतं. माझी मुलगी माझ्या घरात होती आणि आता तिला कुणी नेणार नव्हतं. रिक्षात बसताना मामी माझ्या पावलांकडे बघत होत्या. मी चपला नव्या घेतल्या होत्या, मला वाटलं त्याच बघतायत.

पुरचुंडी त्यांच्या कमरेलाच होती. मी ती जाताना पाहिली.

वर आलो. रेवू झोळीत पडून आपल्या मुठीकडे बघत होती. मी पलंगावर बसलो, चपला काढल्या, पँट जरा वर घेऊन पाय चोळले.

घोट्याच्या मागे बारीक ठिपके उठले होते. ते मला समजण्यासारखं होतं. तिथे पाय कोब्याला टेकतो, ठसा उमटणारच. मी बोट फिरवत पुढे आणलं.

ठिपके पुढेही होते. घोट्याभोवती पूर्ण गोल, पैंजण बसतात तसे, कुठेही न तुटता. दुसऱ्या पायालाही.

मी उठलो आणि खिडकीकडे दोन पावलं टाकली. मला काही ऐकू आलं नाही.

झोळीत रेवूने मूठ सोडली, मान वळवली आणि हसली.