पाठ मैदानाकडे

वैजनाथपंतांचे अक्षर निजामाच्या कचेरीत नावाजलेले. त्यांचे चिरंजीव रंगनाथराव पखवाजावर बसले की सभामंडप स्तब्ध होई. त्यांचे श्रीनिवास वाळूजच्या कारखान्यात लेथवर केसाइतके माप नुसत्या बोटांनी ओळखीत. तीन पिढ्या हातांनी नाव कमावले. चौथ्या पिढीत मंदार जन्मला, आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाच्या स्नायूंच्या आजाराने आधी त्याचे पाय नेले, मग एकेक बोट.

कीव करायची असेल त्याने इथेच थांबावे. पुंडलिकनगरचा हा सत्तावीस वर्षांचा तरुण जिल्ह्याच्या बोचिया संघाचा कर्णधार होता. व्हीलचेअरवरचे नऊ खेळाडू त्यानेच घराघरांतून बाहेर काढून मैदानावर आणले होते. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा, एवढाच तो खेळ.

तनुजा फुलंब्रीहून रोज एसटीने शहरात शिकायला येई. तीन वर्षांपूर्वी क्रीडा संकुलात ती चुकीच्या दारातून शिरली आणि एक लाल, मऊ चेंडू तिच्या चपलेला येऊन टेकला.

"पाय हलवू नका," समोरच्या व्हीलचेअरवरून मंदारचा आवाज आला. "आजचा सगळ्यात सुंदर नेम आहे तो."

"माझ्या पायावर धरला होता?"

"पांढऱ्या चेंडूवर. पण... तक्रार नाही."

"लई बोलता तुम्ही."

"हात थकतात. तोंड नाही."

ती त्याची सहाय्यक झाली. तो सांगेल तसा पन्हळीसारखा रॅम्प ती फिरवी, वर चेंडू ठेवी. तो कपाळाला बांधलेल्या काठीने त्याला ढकली. नियम असा, की सहाय्यकाने मैदानाकडे पाठ करून बसायचे. वळून पाहायचे नाही. त्यामुळे खेळ तनुजाला कधी दिसलाच नाही – दिसला तो त्याचा चेहरा. डावी भुवई उंचावली, की चेंडू लागला.

पहिल्याच वर्षी राज्याच्या अंतिम सामन्यात ती भुवई हलली नाही. तनुजाला राहवले नाही... तिने वळून पाहिले. दंड म्हणून प्रतिस्पर्ध्याला एक चेंडू जादा मिळाला, आणि त्या एका चेंडूने अजिंक्यपद गेले.

परतीच्या गाडीत ती डोळे पुसत होती.

"एक न वळणं उधार राहिलं तुमच्याकडं," तो म्हणाला. "फेडाल त्या दिवशी एक सांगायचंय."

"आत्ताच सांगा की."

"उधारीवर नाही सांगत मी."

पुढच्या दोन वर्षांत उरलेली बोटे गेली, मान कलू लागली, श्वास तोकडा झाला. डॉक्टरांनी बजावले – ही स्पर्धा शेवटची. ती आपल्याच शहरात होती आणि मंदार अंतिम फेरीत होता. सकाळी त्याच्या मानेचा पट्टा बांधताना तनुजा म्हणाली, "आज फेडणार मी."

"बघू," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

शेवटचा चेंडू. त्याची मान थरथरत होती. "डावीकडं... अजून थोडं... हं." काठी चेंडूला टेकली. चेंडू तिच्या पाठीमागे घरंगळत गेला. सभागृहात एक उसासा... मग दुसऱ्या बाजूच्या टाळ्या.

भुवई हलली नव्हती.

तनुजाची मान ताठरली, पण नजर त्याच्यावरून ढळली नाही. पंचांनी डाव संपल्याचे जाहीर केले. आता वळायला कुणाची आडकाठी नव्हती. ती वळली नाही.

"हरलो आपण," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"यापुढं खेळ नाही, तनुजा. मानही चालली."

"व्हय."

"किती वर्षं हातात आहेत, तेही ठाऊक नाही. अशा माणसानं काय सांगावं कुणाला? म्हणून ती उधारीची सबब काढली होती. तू फेडशील, असं... वाटलंच नाही."

"फेडली ना? मग बोला."

त्याने सांगितले – इतक्या क्षीण आवाजात, की त्या टाळ्यांत ते फक्त तिलाच ऐकू आले. तिने रॅम्प बाजूला सारला आणि त्याचा निश्चल हात ओंजळीत घेतला. त्या बोटांनी तिचा हात धरला नाही. धरणे आता त्यांच्या हाती नव्हते. तिनेच घट्ट धरला.

मागे विजेत्याचे नाव पुकारले गेले. मैदानाकडे तिची पाठच होती. जुने देणे पुरते फिटले होते.