मधाच्या रंगाचं तेल

इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीच्या, डिपस्टिकच्या, टोकावरचं तेल मधाच्या रंगाचं होतं. भाचीनं ते पांढऱ्या फडक्यावर टिपून उजेडात धरलं. डाग पिवळाच राहिला.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांची ही बसून चालवायची गवत कापणारी गाडी शेडबाहेर निघाली नव्हती. इंजिनातलं जुनं तेल काळंकुट्ट असायला हवं होतं.

"तेच येतात," मावशी म्हणाली. तिचा हात रिकाम्या सीटवर होता, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा. "तू यंत्रांचे अपघात तपासतेस ना? मग सांग, मला भास होतात का?"

"भासानं तेल बदलत नाही, मावशी. हे कधी घडतं?"

"मुलाकडे राहायला जायचं मनावर घेतलं की. सामान बांधते, शेवटचं म्हणून शेड उघडते, तर गाडी अशी नटूनथटून उभी. मग त्यांना टाकून कशी जाऊ?"

दाराला टेकलेला तिचा मुलगा हसला. "असू दे गं तिची श्रद्धा. आणि पात्याला अशी धार लावणारा बाबांशिवाय दुसरा आहे कोण?"

"शेडची दुसरी किल्ली?"

"ह्याच्याकडेच," मावशी म्हणाली. "पण ह्यानं बापाच्या हयातीत कधी पान्याला हात लावला नाही."

भाची विजेरी घेऊन गाडीखाली सरकली. शेडमध्ये पेट्रोलचा वास होता, आणि कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी शांतता.

"मावशी, काका कधी पातं उलटं बसवायचे?"

"ते? डोळे बांधले तरी नाही!"

"हे उलटं आहे. टोकांचे वळलेले पंख वर हवेत, ते जमिनीकडे आहेत. गाडी चालवली तर गवताला धारेऐवजी पात्याची पाठ लागेल. धार मात्र ताजी आहे." ती कपडे झटकत उठली. "आणि दादा, पातं गाडीच्या पोटाखाली असतं. उभ्या माणसाला ते दिसत नाही. मी खाली शिरायच्या आधीच तुला धार कशी कळली?"

त्याचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"तिला बरं वाटायचं," तो म्हणाला. "बाबा जवळ आहेत म्हणून."

"आणि तुझ्याकडची खोली रिकामी राहायची. लोक भुताची भीती घालून माणसाला घराबाहेर काढतात. तू भूत दाखवून तिला घरात डांबलंस."

"माझ्या बायकोचं आणि आईचं जमत नाही गं. तोंडावर 'नको येऊस' कसं म्हणू?"

मावशीनं सीटवरचा हात काढून घेतला.

"गाडी विकून टाक," ती म्हणाली. "घरही. मी निघाले. तुझ्याकडे नाही रे, घाबरू नकोस."