कनातीवरची सावली

संध्याकाळी साडेसहा वाजता तो दोरीला अडखळून पडला. दोरी तिच्या तंबूची होती.

उद्यानातल्या तळावर असे टीपी रात्रीपुरते भाड्याने मिळत. उंच खांब वर एकत्र बांधून भोवती कापड गुंडाळलेले शंकूच्या आकाराचे तंबू. एकात ती आणि तिची वहिनी उतरल्या होत्या. पडलेला माणूस शेजारच्या तंबूतला. पडतानाही त्याने पाण्याची बादली सरळ धरली होती.

"पाणी वाचवलंत आणि पाय घालवलात," ती म्हणाली. तिने त्याचा घोटा दोन बोटांनी चाचपला. "इथे दुखतं? ...इथे? हाड शाबूत आहे."

"डॉक्टर आहात?"

"एक्स-रे काढते. मोडलेली हाडं रोज बघते."

"मी जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट चावतात."

"माझे नुसते ओरडतात. तुम्ही दोन्ही केलं नाहीत... गुणी आहात."

तो हसला. लंगडत गेला. जाताना एकदा वळून पाहिलं — मग उगाच बादलीकडे पाहिलं.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "घोटा गेला. बोटं खाली घ्या आता."

अंधार पडला तसे तंबूंमध्ये कंदील लागले. कापड पातळ होतं. आतल्यांच्या सावल्या बाहेर कनातीवर उमटत. शेजारच्या कनातीवर तो बसलेला दिसला. ती बघत राहिली. तेवढ्यात त्याच्यामागे एक बाई उभी राहिली. मोठा अंबाडा, लांब मान. तिचा हात त्याच्या डोक्यावर आला, खाली सरकला, पुन्हा वर गेला... सावकाश, रोजच्या सवयीचा.

इकडे ती हातातला चमचा पुसू लागली. ओळख ती काय, एका घोट्याची!

"बायको असेल," वहिनी म्हणाली.

"असेना. मला काय त्याचं?"

"काहीच नाही. मघापासून एकच चमचा पुसताय, म्हणून आपलं म्हटलं."

थोड्या वेळाने तो स्वतःच आला. "काडेपेटी मिळेल? आमची भिजली."

"काडेपेटी कशाला? डोकं कुरवाळणारे हात आहेत की घरात. तेच चूल पेटवतील."

"कुणाचे हात?"

"कनातीवर सगळं दिसतं हो. सगळ्या तळाला दिसतं."

तो गोंधळला. त्याने मान वळवली. तिनेही पाहिलं. सावलीचा हात अजून वर-खाली होत होता... आणि ज्याचं डोकं कुरवाळलं जात होतं, तो तर इथे उभा होता.

"चला," तो म्हणाला, "जरा बाजूने बघा."

शेजारच्या तंबूच्या दाराचा पडदा वर बांधलेला होता. आत कंदिलाला खेटून एक बाई उभ्याने बटाटे सोलत होती. त्याची बसायची जागा तिच्यापासून बरीच दूर, थेट कनातीशी.

तिचे कान तापले. दिव्याजवळची वस्तू पडद्यावर मोठी दिसते. एकामागे एक असलेल्या दोन वस्तू चिकटलेल्या वाटतात. म्हणून तर ती रोज प्रत्येकाचा दुसऱ्या बाजूनेही फोटो काढायची. शिकाऊ मुलींना त्यावरून रागवायची.

"एकाच फोटोवर निदान केलंत?" त्याने हसत विचारलं.

"हो."

"का?"

"जळले म्हणून."

तो हसायचा थांबला. तिला बाजूला घेऊन गेला. "मग पुरतं ऐका. ती दवाखान्यात माझी भागीदार आहे. पलीकडच्या तंबूंतली मंडळीही आमच्या दवाखान्याचीच, सहलीला आलोय. गेल्या आठवड्यात तिने मला लग्नाचं विचारलं. उद्या निघायच्या आत उत्तर देतो म्हणालोय."

म्हणजे दुखणं होतंच. फक्त जागा दुसरी.

"चांगली आहे ती?"

"खूप."

ते 'खूप' तिला झोंबलं. "आणि उत्तर काय देणार?"

"तुमच्या दोरीत अडकेपर्यंत 'हो' देणार होतो."

"शहाणी बाई आता म्हणेल, नीट विचार करा," ती म्हणाली. "मी नाही म्हणत. 'हो' म्हणू नका — एवढंच म्हणते."

तो काडेपेटी घेऊन गेला.

सकाळी काडेपेटी परत आली ती भागीदाराच्या हातून. कंदिलाच्या उजेडात दिसली त्याहून ती देखणी होती. "आभारी आहे हं," ती म्हणाली आणि मोकळं हसली. उत्तर मिळालेलं हसू की वाट पाहणारं, काही कळेना. बोलण्यात खोट काढावी म्हटलं, तर तीही सापडेना.

"दात चांगले आहेत मेलीचे," वहिनीने निष्ठेने सांगितलं, "पण जरा जास्तच आहेत."

आठ वाजता दवाखान्याची गाडी सुरू झाली. मंडळी मागे बसली. भागीदार चालवणार होती. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. तो तिच्या खिडकीशी वाकून हळू आवाजात काहीतरी सांगत होता. तिने एकदा मान हलवली. मग गाडीचं इंजिन बंद केलं.

तो अजून बोलत होता. 'हो' म्हणायला एवढा वेळ लागत नाही.