एक जानेवारीचा आशीर्वाद

हे खरं घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाची समजूत घालायची हौस नाही.

माझी आजी रोझाना तेव्हा नऊ वर्षांची होती. ती त्या खोलीत होती. तिनंच मला सांगितलं, एकदा नाही, पाच-सहा वेळा, आणि एकदाही एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

तारीख १ जानेवारी १८९८. सकाळचे सात.

जागा सें-जाँ तळ्याच्या उत्तरेची. जंगल तोडून नुकती काढलेली शेतं, आणि त्यांच्या अगदी टोकाला एक लाकडी घर. त्यापुढे नुसती झाडं.

घर माझ्या पणजीचं. देलिमा तिचं नाव, वय अठ्ठावीस. नवरा ओनेझिम दर हिवाळ्यात लाकूडतोडीच्या कँपवर जायचा. मग गाय, चूल, बर्फ, पोरं, सगळं हिच्या एकटीच्या गळ्यात. तक्रार कुणाकडे करणार? जवळचा शेजारी म्हणजे म्हातारे माग्लुआर काका, तेही मैलभर लांब.

त्या हिवाळ्यात पोरं दोनच उरली होती. थोरली रोझाना आणि चार वर्षांचा अल्सिड. दहा महिन्यांची इव्हा डिसेंबरच्या सुरुवातीला डांग्या खोकल्यानं गेली.

जमीन दगडासारखी गोठलेली. खड्डा खणणार कसा?

असं झालं की आमच्याकडे पेटी बंद करून ठेवतात आणि बर्फ वितळायची वाट बघतात. इव्हाची पेटी घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये, वरच्या फळीवर होती. देलिमाला चुलीसाठी लाकडं आणायला दिवसातून चारदा तिथंच जावं लागायचं. वर बघायचं नाही असं ती रोज ठरवायची, आणि रोज बघायची.

ओनेझिमला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. नव्या वर्षाला घरी येतो, असं सांगून तो गेला होता.

आणि आता अल्सिडला तोच खोकला लागला होता.

हंसाची चरबी छातीला चोळून झाली, मोहरीचा लेप झाला, जपमाळ झाली. पोर खोकता खोकता निळं पडायचं. तिला एकच आशा उरली होती… एक जानेवारी.

आमच्यात त्या सकाळी थोरलं पोर बापापुढे गुडघे टेकतं आणि सगळ्यांच्या वतीनं आशीर्वाद मागतं. बाप प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवतो. त्या हाताशिवाय वर्ष सुरू झालं तर पोराचं काही खरं नाही, असं बायका म्हणायच्या. इव्हा फेब्रुवारीत जन्मली होती. तिच्या डोक्यावर तो हात कधी पडलाच नव्हता. देलिमाच्या मनानं हे घट्ट धरून ठेवलं होतं.

एकतीस तारखेला तिनं डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली. सणाची तुर्तिएर, म्हणजे मांसाचं सारण भरलेली जाड पोळी, भाजून झाकून ठेवली.

ओनेझिम आला नाही.

सकाळी बाहेर वादळ. बाप नसेल तर आजोबाकडे, नाहीतर एखाद्या वडीलधाऱ्याकडे जायची रीत होती. पण त्या पोराला घेऊन मैलभर बर्फातून माग्लुआर काकांकडे जायचं म्हणजे त्याला वाटेतच गमवायचं.

मग देलिमानं जे केलं, ते आमच्यात कुणी करत नाही.

तिनं ओनेझिमची खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली. त्याचा रविवारचा कोट पाठीवर अडकवला. रोझानाला म्हणाली, गुडघे टेक आणि माग.

"रिकाम्या खुर्चीकडे?" रोझाना म्हणाली. "बाबा घरात पाहिजेत, आई. तूच म्हणतेस ना?"

"बाबा असतील तिथून देतील. तू माग."

रोझानानं गुडघे टेकले, मान खाली घातली. अल्सिड आईच्या कडेवर होता. रोझाना म्हणाली, "बाबा, आम्हाला आशीर्वाद द्या."

काही नाही.

चुलीतली लाकडं तडतडत होती. बाहेर वारा घोंगावत होता.

मग… लाकडं तडतडायची थांबली.

जाळ दिसत होता. आवाज नव्हता. वाराही ऐकू येईना. अल्सिडचा घशातला घरघर आवाजसुद्धा थांबला.

आणि उंबऱ्याबाहेर कुणीतरी बूट आपटले.

दोनदा उजवा. एकदा डावा.

ओनेझिम तसेच आपटायचा. बर्फ झटकायची त्याची सवयच ती. देलिमाच्या जिवात जीव आला. आला गं बाई एकदाचा, म्हणून ती दाराकडे वळली.

दार उघडलं नाही.

पण दाराजवळची फळी करकरली… मग तिच्या पुढची… मग खुर्ची. माणूस टेकला की करते तसा आवाज खुर्चीनं केला.

खुर्चीवर कुणी नव्हतं. नुसता कोट.

खोलीत गोड्या पाण्याचा, तळ्याच्या तळाचा वास सुटला.

देलिमानं पाहिलं… रोझानाच्या डोक्यावरचे केस हळूहळू चपटे व्हायला लागले होते. वरून काहीतरी अलगद टेकत होतं.

घाबरायला हवं होतं तिनं. पण ती आई होती, आणि कडेवर मरायला टेकलेलं पोर होतं. तिला वाटलं, आलाय, कसाही आला असेल, हात तर आला. आणि तो निरोगी पोरीवर कशाला वाया घालवायचा?

तिनं रोझानाला खांद्यानं बाजूला ढकललं. अल्सिडला खुर्चीसमोर उभं केलं.

"ह्याला आधी," ती म्हणाली. "हा आजारी आहे, ओनेझिम. ह्याला आधी द्या."

अल्सिडच्या कुरळ्या केसांवर काहीतरी टेकलं. केस दबले. त्याच्या कपाळावरून पाण्याचा ओघळ खाली आला.

पोर हसलं.

मग खुर्ची करकरली. फळ्या करकरल्या. रोझाना कोपऱ्यात गुडघ्यांवरच होती, मान खाली घालून, आपली पाळी येईल म्हणून. तिच्याकडे कुणी आलं नाही. पावलं घराला वळसा घालून मागे गेली… लाकडाच्या शेडकडे.

थोड्या वेळानं चुलीतली लाकडं पुन्हा तडतडायला लागली.

अल्सिडचा खोकला गेला होता. अंग गार. त्यानं तुर्तिएरचा तुकडा मागून खाल्ला. देलिमा त्याला छातीशी धरून रडली, हसली, पुन्हा रडली. शेडपर्यंत पावलांचा एकही ठसा नव्हता, ते रोझानानं खिडकीतून पाहिलं; देलिमाला बघायची गरजच वाटली नाही.

दुपारी वादळ ओसरलं. माग्लुआर काका आले. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले.

"बस, देलिमा," ते म्हणाले. "आधी खाली बस."

परवा तळं ओलांडताना बर्फ फुटला होता. घोडा, घसरगाडी आणि ओनेझिम, सगळं खाली गेलं. मागच्या गाडीवाल्याला फक्त त्याची टोपी मिळाली.

देलिमानं अल्सिडच्या केसांवरून हात फिरवला. केस अजून ओले होते. सकाळपासून चुलीजवळ होतं पोर, तरी ओलेच.

तेव्हा तिला कळलं, आपण काय केलं ते.

तिनं अल्सिडला पाच दिवस खाली ठेवलं नाही. कडेवर घेऊन स्वयंपाक केला, कडेवर घेऊन गाईची धार काढली. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता, काही दुखत नव्हतं. फक्त रोज थोडा थोडा गार पडत गेला. माग्लुआर काकांनी आणलेला डॉक्टर बघून गेला, म्हणाला पोर तर ठीक आहे. तिनं खुर्चीपुढे डोकं आपटलं. तो हात परत घ्या, त्याच्याऐवजी मला न्या, म्हणाली. कुणी आलं नाही.

सहा जानेवारीला सकाळी अल्सिड "बाबा" म्हणाला आणि गेला.

फळीवर दुसरी पेटी लागली. मे महिन्यात दोन्ही एकदम पुरल्या.

देलिमा त्यानंतर चाळीस वर्षं जगली. रोझानाशी ती वाईट वागली नाही, पण तिच्याकडे सरळ कधी बघितलं नाही.

आजी मला म्हणाली होती, "तो हात माझ्यावर येत होता रे. आईनं मला वाचवायला ढकललं नाही. तिला अल्सिड वाचायला हवा होता. आणि वाचले मी."

त्या दिवसापासून आजी डोक्याला रुमाल बांधायची. घरात, चर्चमध्ये, झोपतानासुद्धा. नवऱ्यालाही तिनं डोक्याला हात लावू दिला नाही.

१९८१ सालच्या एक जानेवारीला, ब्याण्णवाव्या वर्षी, वृद्धाश्रमात ती गेली. मी पोचलो, तिच्यापाशी बसलो, मग नर्सनं येऊन विचारलं, हिचे केस कुणी धुतले?

केस ओलेचिंब होते. रुमाल व्यवस्थित घडी घालून उशाशी ठेवलेला.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, पहाटे ती कुणाकडे तरी आशीर्वाद मागत होती. लहान पोरीसारखी.

मी नर्सला सांगितलं, मी धुतले. दुसरं काय सांगणार होतो?

आमच्या भावंडांत थोरला मी, आशीर्वाद मागायचा तो मीच. बाबा जाऊन चार वर्षं झाली. एक जानेवारीच्या सकाळी बायको हसते, पण मी घरातही टोपी काढत नाही.